अक्का, तुझं ‘बात’ आठवलं

सोलापूर
रविवार, रात्रीचे साडेअकरा

प्रिय अक्का,

दिवाळीपासून तुला एक ओळ टाकली नाही, तुझे दोन व्हॉइस मेसेज ऐकून तसेच ठेवले, शिव्या घाल पण आधी हे वाच. आईचा गुडघा तसाच, माझं बीपी गोळीवर बरंय, झालं तब्येतीचं.

शुक्रवारी वर्गात एक झालं आणि तेव्हापासून तूच डोळ्यासमोर येतेस. आमच्याकडं टॅब आलेत, दुसरीला वाचनाचं ॲप लावते. पोरगं मोठ्यानं वाचतं, ॲप ऐकतं, शब्द बरोबर आला की हिरवा, चुकला की लाल, शेवटी स्टार. पोरांना लई आवडतं गं, जी पुस्तकाला हात लावायची नाहीत ती टॅबसाठी भांडतात, त्यामुळं मी ॲपच्या विरोधात नाही हे आधीच सांगते. तर एक पोरगी आहे, कन्ना चौकाकडची, वडील मागावर विणतात, आई विड्या वळते, घरात सगळं तेलुगू. वर्गात सगळ्यात चांगलं वाचते, आणि वाचलेलं समजतं तिला. मागं ‘मांजरीचं पिल्लू’ आलं तर म्हणाली, बाई, आमच्यात मांजराला पिल्ली म्हणतात, मग हे पिल्लीचं पिल्लू! अख्खा वर्ग हसला, ती पण.

शुक्रवारी ती ‘घर’वर अडली. ती म्हणते ‘गर’. लाल. परत ‘गर’. लाल. आणि मी शेजारी उभी राहून म्हणतेय, परत म्हण बाळा, हिरवं होऊ दे. अकरा वेळा, अक्का. मी नव्हते मोजलं, तिनं मोजलं, मधल्या सुट्टीत मैत्रिणीला सांगत होती. शेवटी तिनं टॅब शेजारच्या पोराकडं सरकवला, तो म्हणाला ‘घर’, झालं हिरवं. स्टार हिच्या नावावर पडला. काल शनिवारी साधं पुस्तक दिलं तर नुसते ओठ हलतायत, आवाज नाही.

डी.एड.चा तो पाठ आठवला ना? तू ‘भात’ला ‘बात’ म्हणालीस आणि मागच्या बाकावरून पहिली मी हसले. पंधरा दिवस तू बोलली नाहीस आणि मी सगळ्यांना सांगत फिरले की मेसच्या पैशावरून वाजलंय. नंतर नवी पेठेत आईसक्रीम खाऊन मिटवलं, माफी काही मागितली नाही. आता मागते.

तेलुगू घरात बोलताना ख, घ, भ सैल पडून क, ग, ब होतात हे तूच मला शिकवलंस. मग ती पोरगी वाचायला चुकली कुठं? तिनं शब्द ओळखला, फक्त घरच्या उच्चारात म्हटला. ॲपला आवाज तेवढा कळतो, अर्थ लागलाय का ते नाही कळत, शिवाय खिडकीबाहेर मागांचा खडखडाट, माईक तोही पकडतो. आणि त्याचेच स्टार आम्ही वाचनस्तर म्हणून तक्त्यात भरतोय! तिसरीपर्यंत मुलाला समजून वाचता आलं पाहिजे, सरकारच्या २०२१ च्या निपुण भारत मोहिमेत तरी दुसरं काय म्हटलंय? समजून. ते ही पोरगी आत्ताच करतेय, आणि तक्त्यात ती खालून तिसरी.

२०२० च्या ३ डिसेंबरला आपण रात्री फोनवर किती ओरडलो होतो आठव, आपल्या माढ्याच्या परितेवाडीचे डिसले गुरुजी, ग्लोबल टीचर प्राइझ, वर निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ जणांना वाटली! दुसऱ्या दिवसापासून जो तो त्यांच्या पुस्तकांतल्या क्यूआर कोडवर बोलायला लागला, मी पण. पण त्यांनी कोडाबरोबर पुस्तकं मुलींच्या घरच्या भाषेत, कन्नडमध्ये आणली होती की गं. आम्ही कोड तेवढा उचलला आणि कन्नड तिथंच ठेवलं.

काल एक केलं. कागदाची बारीक पट्टी प्रत्येकाच्या तोंडासमोर धरली, ‘क’ म्हटलं की पट्टी हलत नाही, ‘ख’ म्हटलं की उडते. सगळी पोरं खखख करत पट्ट्या उडवतायत, शेजारच्या वर्गाचे सर बघायला आले काय चाललंय म्हणून. ती पण उडवत होती. पण पुस्तक समोर आलं की परत गप्प. उद्यापासून तिला ॲप बंद, माझ्या मोबाईलचा साधा रेकॉर्डर, वाचायचं आणि स्वतःचंच ऐकायचं, लाल नाही हिरवं नाही. मोठ्या मॅडमना तक्ता बदला म्हणून सांगायचंय, काय म्हणतील कुणास ठाऊक, पोटात गोळा आलाय.

तुझ्या बदलीचं काय झालं? पोराची दहावी म्हणून फोन करत नाहीस का? शेंगा चटणी भाऊजींबरोबर पाठवते, यावेळी डबा परत दे.

आणि एक काम कर. तुझी आजी मागाजवळ बसून सांगायची ती गोष्ट, आधी तेलुगूत सांग, मग मराठीत, तुझ्याच बोलीत, काहीही सुधारू नकोस, आणि व्हॉट्सॲपवर पाठव. त्या पोरीला ऐकवणार आहे, म्हणणार आहे ही पण बाई आहे, शाळेत शिकवते. सकाळी अकराच्या आत पाठव गं, दुसरीचा तास तेव्हाच असतो.

तुझीच,
मागच्या बाकावरची