बिल दुरुस्त करा, त्याच्या बदल्यात प्रीपेडची संमती मागू नका

दिनांक : 9 जून 2025

प्रति,
मा. ग्राहक सेवा अधिकारी,
वीज वितरण कंपनी, विभागीय कार्यालय,
मुंबई

विषय : मे महिन्याच्या बिलात स्लॅबची चुकीची आकारणी आणि प्रीपेड मीटरसाठी चाललेला आग्रह

महोदय,

फेब्रुवारीत आमच्या इमारतीतले सगळे जुने मीटर काढून तुमच्या ठेकेदाराच्या माणसांनी स्मार्ट मीटर बसवले. मार्च आणि एप्रिलचे बिल ‘सरासरी’ म्हणून 150-150 युनिटांचे आले. मे महिन्यात एकदम 420 युनिटांचे बिल आले. त्याची तक्रार घेऊन मी तुमच्या केंद्रावर गेले, तेव्हा खिडकीवरच्या कर्मचाऱ्याने बिल न उघडताच एक फॉर्म पुढे सरकवला. “ताई, प्रीपेडला संमती द्या, मग बिलाचा प्रश्नच राहणार नाही,” असे ते म्हणाले. हे पत्र बिलाबद्दल आहे आणि त्या उत्तराबद्दलही आहे. माझ्या तक्रारीचे ते उत्तर होऊ शकत नाही.

आधी बिल. तीन महिन्यांत आमच्या घरी एकूण 720 युनिट वीज वापरली गेली. हा आकडा मला मान्य आहे. मीटर काढण्याआधी माझ्या मुलाने जुन्या मीटरचे शेवटचे रीडिंग मोबाइलवर टिपून ठेवले होते. ते आणि नव्या मीटरवरचे आकडे जुळवून मी स्वतः हिशेब केला आहे. वापर वाढला त्याचे कारणही मला ठाऊक आहे. माझ्या सासऱ्यांना फुप्फुसाचा आजार आहे आणि जानेवारीपासून घरात ऑक्सिजनचे मशीन आहे. त्याच्या पाटीवर 350 वॅट लिहिले आहे. रात्री आठ-नऊ तास ते चालते, म्हणजे दिवसाला तीन युनिट, महिन्याला नव्वद. आमचा पूर्वीचा वापर 150 च्या आसपास होता, आता तो 240 झाला. तुम्ही सरासरी काढताना जुनेच आकडे धरले, म्हणून दोन महिने 90-90 युनिट कमी लागले आणि ते सगळे मे महिन्यावर येऊन पडले.

तरीही युनिटचा वाद नाही, वाद स्लॅबचा, म्हणजे वापर वाढेल तसा महाग होणाऱ्या दराच्या टप्प्यांचा आहे. 720 युनिट तीन महिन्यांत विभागले तर दर महिन्याला 240 होतात. म्हणजे प्रत्येक महिन्यात पहिले 100 स्वस्त दराने आणि उरलेले 140 हे 101 ते 300 च्या दराने. तीन महिन्यांचे मिळून पहिल्या स्लॅबमध्ये 300, दुसऱ्यात 420 आणि तिसऱ्यात एकही नाही. तुम्ही मात्र मे महिन्याचे 420 युनिट एकाच महिन्याचे धरले. त्यामुळे दुसऱ्या स्लॅबमध्ये तीन महिन्यांचे मिळून 300 आले आणि 120 युनिट तिसऱ्या, म्हणजे 301 च्या पुढच्या दराने लावले गेले. आमच्या घराने त्या तीन महिन्यांत सरासरीने एकदाही तीनशेचा आकडा ओलांडला नाही. रीडिंग वेळेवर घेतले गेले नाही ही त्रुटी तुमच्या बाजूची, आणि महाग स्लॅब आमच्या माथी. त्या 120 युनिटांवर दराचा फरक आणि त्या फरकावर वीज शुल्क, एवढी रक्कम आमच्याकडून जास्त मागितली जात आहे.

मीटर बदली अहवालाची जी प्रत आमच्या हाती दिली, तिच्यात ‘जुन्या मीटरचे अंतिम रीडिंग’ हा रकाना कोरा आहे. सही, शिक्का, नव्या मीटरचा क्रमांक, सगळे जागच्या जागी आहे, फक्त तो रकाना कोरा. आमच्याकडे फोटो होता म्हणून निभावले. शेजारच्या आजी एकट्या राहतात. त्यांचा मीटर कधी बदलला हे त्यांना बिल आल्यावर कळले. त्यांनी आपले जुने रीडिंग कशावरून सिद्ध करायचे?

आता प्रीपेडबद्दल. तुमचे पत्रक मी नीट वाचले आहे. ‘प्रीपेडमुळे वीजखर्चात बचत’ असे त्यावर मोठ्या अक्षरात आहे. माझा पहिला मुद्दा हा की स्मार्ट मीटरचे रीडिंग दिवसातून किमान एकदा दुरून घेतले गेले पाहिजे, असे केंद्र सरकारच्या वीज ग्राहक हक्क नियमांच्या 2023 च्या दुरुस्तीत सांगितले आहे. असे असताना स्मार्ट मीटर लावल्यावर दोन महिने सरासरी बिल येतेच कसे? आमची मीटरपेटी जिन्याखाली, लोखंडी जाळीच्या आत आहे. तिथे मोबाइललाही रेंज नसते. मीटरचा निरोप तुमच्यापर्यंत पोहोचत नव्हता हे उघड आहे. मग प्रीपेडमध्ये उलट दिशेचा निरोप कसा पोहोचणार? शिल्लक संपली, वीज गेली, मी रात्री मोबाइलवरून पाचशे रुपये भरले, आणि ‘पैसे मिळाले, चालू कर’ हा आदेश त्याच जाळीच्या आतल्या मीटरला मिळायचा आहे. तो मिळेपर्यंत सासऱ्यांचे मशीन बंद. जवळ छोटा सिलिंडर आहे, पण तो रात्रभर पुरत नाही.

ही भीती उगाच नाही. 12 ऑगस्ट 2020 रोजी, जन्माष्टमीच्या दिवशी, उत्तर प्रदेशात लाखाहून जास्त स्मार्ट मीटर आपोआप बंद झाले आणि ज्यांचे बिल भरलेले होते त्यांच्याही घरात अंधार झाला. दुरून वीज तोडता येते ही सोय असेल तर चुकूनही ती दुरून तोडली जाऊ शकते.

दुसरा मुद्दा पैशांचा. प्रीपेड घेतल्याने युनिटचा दर कमी होतो असे तुमच्या पत्रकात कुठेही लिहिलेले नाही. स्थिर आकार तोच, वहन आकार (वीज वाहून आणण्याचा) तोच, इंधन समायोजन (इंधनाच्या बदलत्या खर्चाची वसुली) तेच, 16 टक्के वीज शुल्क तेच. पत्रकावरून दिसणारा बदल एवढाच की आज आम्ही आधी वीज वापरतो आणि नंतर पैसे देतो, उद्या आधी पैसे देऊ आणि मग वापरू.

सुरक्षा ठेव परत मिळेल हा प्रीपेडचा खरा फायदा आहे आणि तो मी नाकारत नाही. वीज कायदा 2003 च्या कलम 47(5) नुसार प्रीपेडने वीज घ्यायला तयार असलेल्या ग्राहकाकडून ठेव मागता येत नाही. आमची ठेव दोन महिन्यांच्या जुन्या सरासरी बिलाएवढी, साधारण 2,800 रुपये आहे. पण त्या ठेवीवर तुम्ही व्याज देता. सहा टक्क्यांच्या आसपास धरले तर वर्षाला 170 रुपये. शिवाय बिल आल्यापासून सात दिवसांत भरले की एक टक्का सूट मिळते. मी ती कधी सोडत नाही, वर्षाला 200 रुपये तरी होतात. प्रीपेडमध्ये या दोन्ही गोष्टी जाणार. त्यांच्या बदल्यात काय मिळणार याबद्दल पत्रकात एक अक्षर नाही. आणि रात्री वीज जाऊ नये म्हणून मला खात्यात कायम काही रक्कम पडून ठेवावी लागेलच. म्हणजे ठेव दिल्यासारखेच, फक्त बिनव्याजी.

त्यातही गोम स्लॅबची आहे. ती तुमच्या प्रतिनिधींना विचारली तर त्यांना सांगता आली नाही. एक तारखेला पाचशे रुपये भरले तर त्यात जितके युनिट मिळतील, तितके वीस तारखेला मिळणार नाहीत. कारण वीस तारखेपर्यंत आमचे पहिले शंभर युनिट संपलेले असतात आणि पुढचे महाग दराने कापले जातात. यजमानांचा पगार दहा तारखेच्या आत होतो, माझ्या डब्यांचे पैसेही तेव्हाच येतात. महिन्याचे शेवटचे दहा दिवस हातात पैसा सगळ्यात कमी असतो, आणि नेमक्या त्याच दिवसांत रिचार्जमध्ये वीज सगळ्यात कमी मिळणार. महिन्याच्या बिलात हा हिशेब एका कागदावर दिसतो. ॲपवर रोज शिल्लक कमी होताना कोणत्या स्लॅबने किती कापले, स्थिर आकाराचे किती, इंधन समायोजनाचे किती, हे वेगवेगळे दिसणार आहे का? घर पंधरा दिवस बंद ठेवून गावी गेलो तर स्थिर आकार रोज कापला जाऊन शिल्लक शून्याखाली जाणार का? फ्रिज बंद पडणार का?

रोजचा वापर दिसला की माणूस जपून वापरतो, हे मला पटते. पण रोजचा वापर दाखवतो तो स्मार्ट मीटर. तो तर तुम्ही बसवलाच आहे. पैसे आधी घेतले म्हणून वापर जास्त स्पष्ट दिसत नाही. तुमचे ॲप नीट चालू झाले तर बिल महिन्याचे ठेवूनही मी तो रोज पाहीन आणि इस्त्रीपासून गिझरपर्यंत सगळे जपून वापरीन.

सगळ्यात महत्त्वाचे मात्र वेगळेच आहे. आज माझे बिल चुकले, तरी माझ्या घरात वीज आहे. वीज कायद्याचे कलम 56 मला दोन गोष्टी देते. एक, थकबाकीसाठी वीज तोडण्याआधी 15 पूर्ण दिवसांची लेखी नोटीस. दोन, बिलाबद्दल वाद असेल तर मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीएवढी रक्कम, यांतली जी कमी असेल ती निषेध नोंदवून भरली की वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही. याच तरतुदीखाली मी सरासरीची रक्कम भरली आहे, पावती सोबत आहे. प्रीपेडमध्ये हेच 120 युनिट चुकीच्या दराने लागले असते तर पैसे आधीच कापले गेले असते. मग मी काय थांबवून धरणार होते? भरलेले पैसे परत मिळवण्यासाठी सामान्य माणसाला किती हेलपाटे घालावे लागतात हे तुम्हालाही माहीत आहे. वाद चालू असतानाही दिवा चालू राहतो, हे मासिक बिलाचे मोल माझ्या लेखी कुठल्याही टक्क्यांच्या सवलतीहून मोठे आहे. घरात आजारी माणूस असलेल्या कोणालाही विचारा.

माझा प्रीपेडला सरसकट विरोध नाही. आमची वरची खोली भाड्याने दिलेली आहे आणि तिचे वीजजोडणी खाते वेगळे आहे. मागचे भाडेकरू तीन महिन्यांचे बिल थकवून गेले आणि ते शेवटी आम्हाला भरावे लागले. अशा खोलीला, वरचेवर माणसे बदलणाऱ्या जागेला, रोजच्या कमाईवर चालणाऱ्या आणि एकदम दोन हजारांचे बिल जड जाणाऱ्या कुटुंबाला प्रीपेड खरोखर सोयीचे आहे. जिन्याखालच्या मीटरचा संपर्क नीट चालतो हे दाखवून दिलेत तर त्या खोलीसाठी मी स्वतः अर्ज करीन. पण तो अर्ज माझा असेल. कलम 47(5) मध्येही ‘तयार असेल तर’ अशीच भाषा आहे. जून 2024 मध्ये तेव्हाचे ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सर्वसामान्य घरगुती ग्राहकांना स्मार्ट प्रीपेड मीटर लावणार नाही असे जाहीर केले होते. असे असताना तक्रार घेऊन आलेल्या माणसापुढे संमतीचा फॉर्म ठेवणे योग्य नाही. आमच्या इमारतीत दोघांनी ‘बिल कमी होईल’ या आशेने तो भरूनही दिला आहे. त्यांना वरचा कोणताही हिशेब समजावून सांगितला गेलेला नाही.

तरी माझी मागणी अशी की मार्च ते मे या तीन महिन्यांचे 720 युनिट महिनावार विभागून स्लॅबचा लाभ द्यावा आणि सुधारित बिल पाठवावे. निषेधासह भरलेली रक्कम त्यात वळती करावी आणि उशिरा भरण्याचा आकार किंवा व्याज लावू नये. बदली अहवालातले जुने अंतिम रीडिंग भरून, सहीनिशी प्रत द्यावी. इमारतीतल्या ज्या ग्राहकांना नव्या मीटरच्या वापराबद्दल शंका आहे त्यांना ग्राहक हक्क नियमांच्या फेब्रुवारी 2024 च्या दुरुस्तीप्रमाणे तक्रारीपासून पाच दिवसांत जोडीला दुसरा मीटर लावून द्यावा आणि किमान तीन महिने तुलना करावी. शेजारच्या आजींचा तसा अर्ज सोबत जोडला आहे. ज्या दोघांनी संमती दिली आहे त्यांना दर, सूट, ठेव, रिचार्ज आणि वीज तोडण्याची पद्धत लेखी कळवून पुन्हा विचारावे, आणि नको म्हणाले तर फॉर्म परत करावा.

आमच्या खात्यावर घरी ऑक्सिजनचे मशीन असल्याची नोंद करावी. डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडले आहे. काही कारणाने पुरवठा बंद करायचा असेल तर आधी फोन यावा. हे तुम्ही नियमापलीकडे जाऊन केलेत तरी मी मनापासून ऋणी राहीन.

उत्तर लेखी मिळावे. ते मिळाले नाही किंवा बिल दुरुस्त झाले नाही तर मी ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे आणि गरज पडल्यास विद्युत लोकपालांकडे दाद मागेन. तोपर्यंत चालू महिन्याचे बिल नेहमीप्रमाणे सात दिवसांच्या आत भरत राहीन.

कळावे,

आपली ग्राहक
(ग्राहक क्रमांक व पत्ता सोबतच्या बिलावर)

सोबत : मार्च, एप्रिल व मे 2025 ची बिले, जुन्या मीटरच्या रीडिंगचा फोटो, मीटर बदली अहवालाची प्रत, निषेधासह भरलेल्या रकमेची पावती, वैद्यकीय प्रमाणपत्र, शेजारील ग्राहकाचा दुसऱ्या मीटरसाठी अर्ज