समाजमंदिरातील उपचार केंद्रासाठी मदतीचे आवाहन

समस्त गावकरी मंडळी, सासरी गेलेल्या लेकी आणि नोकरीनिमित्त बाहेरगावी असलेली पोरं, सर्वांना नमस्कार.

आपल्या समाजमंदिरात दर गुरुवारी दिव्यांग लेकरांचे व्यायामोपचार होतात. घाटंजी तालुक्यातल्या जवळपासच्या पोडांवरूनही, म्हणजे कोलाम वस्त्यांवरूनही, लेकरं येतात. लहान असेपर्यंत मुलं-मुली सारखीच येतात. 11-12 वर्षांच्या झाल्या की मुली गळतात. आया स्पष्ट सांगतात, "एवढ्या मोठ्या पोरीले सगळ्यांसमोर निजवून परका माणूस पाय धरते. अन् पाळी आली त जाव कुठं?" त्यांना दोष कसा द्यायचा? हॉलला आडोसा नाही, शौचालयाला धड कडी नाही.

पण व्यायाम सुटायला हेच वय सर्वात वाईट. सेरेब्रल पाल्सी (मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालीवर नीट ताबा नसणं) असलेल्या लेकराची हाडं या वयात झपाट्याने वाढतात आणि ताठर स्नायू मागे पडतात. गुडघे, घोटे, कंबर आखडत जाते. आज धरून उभी राहणारी पोरगी बाजेला खिळू शकते. त्यात पऱ्हाटी वेचायच्या दिवसांत माय वावरात अन् ती घरात एकटी. जिला बोलताच येत नाही, तिच्यासोबत काही वाईट घडलं तर सांगणार कोण?

मुलांचीही अडचण आहे. 14-15 वर्षांच्या पोराला आईने शौचाला न्यायचं म्हटलं की तो केंद्रात यायचंच टाळतो. इथे पैसा लागत नाही, बाप लागतो. गुरुवारची सकाळ द्या. पारावर तेवढा वेळ जातोच.

ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातला दिव्यांगांचा 5 टक्के आणि महिला-बालकल्याणाचा 10 टक्के निधी आहे, पण घरपट्टी-पाणीपट्टीतून जमतं किती, हे आपण जाणताच. (थकबाकी भरलीत तरी ती मदतच.) तेव्हा विटा, सिमेंट, जाड पडदे, कमोड, भिंतीला धरायचे दांडे, पॅड, यांपैकी जे जमेल ते द्या. गवंड्यांनी एक दिवसाची मजुरी द्यावी. काळी-पिवळी जीपवाल्यांनी पोडांवरच्या मायलेकींना गुरुवारी आणून सोडावं. सर्वात मोठा खर्च महिला फिजिओथेरपिस्टचं मानधन आणि येण्याजाण्याचं भाडं हा आहे. मदतीला ग्रामसंघाच्या, म्हणजे गावातल्या बचत गटांच्या संघाच्या, बाया पाळीपाळीने बसतील. पडद्याआड लेकरासोबत कोणीही एकटं राहणार नाही आणि हात लावण्याआधी त्याला सांगितलं जाईल, मग ते बोलणारं असो की नसो.

रोख रक्कम कोणा एकाच्या हाती देऊ नका. ग्रामपंचायत कार्यालयात पावती घ्या; हिशोब ग्रामसभेत वाचला जाईल. देणगी देताना लेकरांसोबत फोटो काढायचा आग्रह मात्र धरू नये, तो मिळणार नाही.

बांधकाम दसऱ्याआधी, वेचणी सुरू व्हायच्या आत उरकायचं आहे.

आपले,
सरपंच व सदस्य, ग्रामपंचायत
अध्यक्ष व सचिव, महिला ग्रामसंघ