बोक्याची अठरा नखं

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतला घरच्या मांजरांवरचा लेख आवडला. पण नखांबद्दल त्यात एवढंच होतं की वाढली की डॉक्टरांकडून कापून घ्या. याबाबत माझा अनुभव वेगळा आहे, म्हणून हे पत्र.

आमचा गुंड्या तेरा वर्षांचा बोका. घर दुसऱ्या मजल्यावर, त्याचं खाली उतरणं नाही. तरुणपणी दाराशी टांगलेल्या गोणपाटावर रोज नखं घासायचा आणि केर काढताना नखांची पोकळ टरफलं सापडायची. वर्षभरापूर्वी ते बंद झालं. मला वाटलं, चला, सोफ्याचं कव्हर तरी वाचलं. सांधे धरल्यामुळे त्याला घासणंच जमत नव्हतं, हे डोक्यातच आलं नाही. पावसाळ्यात पुढचा उजवा पाय उचलून चालायला लागला. मुरगळला असेल म्हणून मी चार दिवस हळद लावत बसले. मग उजेडात नीट पाहिलं, तर अंगठ्याचं नख गोल वळून पंजाच्या मऊ गादीत रुतलेलं. हे नख जमिनीला टेकत नाही, त्यामुळे झिजतही नाही. डॉक्टरांनी ते काढलं, जखम धुतली, औषध दिलं. अशा वेळी डॉक्टर हवेतच.

पण पुढच्या वेळी नुसती नखं कापायला एका दवाखान्यात नेलं. बाहेर कुत्री भुंकत होती, आत दोघांनी त्याला टेबलावर दाबून धरलं, आणि दहा मिनिटांत सगळी नखं उरकली. एका नखातून रक्त आलं. घरी आल्यावर गुंड्या दोन दिवस गॅसच्या सिलिंडरमागे बसून होता.

मी चाळीस वर्षं ब्लाउज शिवले. कात्री कुठे थांबवायची हे मला कळत नसेल तर कुणाला कळणार? आठ दिवस नेलकटर हातातच घेतला नाही. दुपारी जेवून तो शिलाई मशीनच्या पायट्यावर पसरला की नुसतं बोट दाबायचं, नख बाहेर आलं की सोडायचं, आणि सुकटीचा एक तुकडा. नवव्या दिवशी पहिलं नख कापलं. दिवसाला एकच. पुढच्या पायांना पाच-पाच, मागच्यांना चार-चार, एकूण अठरा. शेवटचं होईपर्यंत पहिलं परत टोकदार झालेलं असतं. कुठलं झालं ते कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी लिहिते.

नखात आत गुलाबी भाग दिसतो, त्यात रक्तवाहिनी आणि मज्जातंतू असतात. ती शिवण समजावी. तिच्यापुढे थोडी माया सोडून फक्त वळलेलं पांढरं टोक उडवायचं. नेलकटर धारदारच हवा, बोथट पात्यानं नख चिरडतं. एकदा माझाही हात पुढे गेला. रक्त आलं, चिमूटभर कॉर्नफ्लॉवर दाबून धरलं, थांबलं. यजमान दाढीची तुरटी घेऊन धावले होते, त्यांना परत पाठवलं. गुंड्या मात्र तीन दिवस मांडीवर आला नाही.

ज्या दिवशी तो पाय ओढून घेतो त्या दिवशी सुट्टी. टॉवेलात गुंडाळणं मी एकदाच करून पाहिलं, आता टॉवेल वाळत घातलेला दिसला तरी पळतो. ओरखडा निघालाच तर साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवायचं आणि माणसांच्या डॉक्टरांना दाखवायचं. रेबीजच्या बाबतीत घरचं मांजर म्हणून हयगय नको.

शेजारच्या बाईंनी विचारलं, ऑपरेशन करून नखं कायमची काढता येत नाहीत का? त्यात नखाबरोबर बोटाचं शेवटचं पेर हाडासकट छाटतात, हे सांगितल्यावर त्या गप्प झाल्या. न्यूयॉर्क राज्यानं २०१९ मध्ये त्यावर बंदी घातली.

सासूबाईंचं म्हणणं वेगळंच, दिवेलागणीनंतर नखं कापायची नाहीत, मांजराची असली तरी. ते मी पाळते, कारण तेव्हा मला गुलाबी रेघ दिसतही नाही.

पुरवणीत पुन्हा मांजरं येतील तेव्हा पंजाचं मोठं चित्र छापा आणि त्यात अंगठ्याचं नख कुठे असतं ते बाण काढून दाखवा. म्हातारं मांजर असलेल्यांनी ते आजच तपासावं.

आपली नियमित वाचक,
मिरज