गॅसची गोळी कुणी विचारलीच नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या आरोग्य पुरवणीतला इम्युनोथेरपीवरचा, म्हणजे प्रतिकारशक्तीकडूनच कॅन्सरशी लढवून घेणाऱ्या उपचारावरचा लेख वाचला. केस गळत नाहीत, उलट्या कमी होतात, हे सगळं आलं. किडनीचा शब्द मात्र अख्ख्या पानात नाही. त्याच किडनीपायी आमच्या घरी दोन महिने कुणाला धड झोप नव्हती.

थोरल्या भावाला फुप्फुसाचा कॅन्सर. जिंतूरहून पहाटेच्या एसटीने संभाजीनगरला जायचं, निव्होलुमॅब या इम्युनोथेरपीच्या औषधाची सलाइन लावून परतायचं. सहाव्या डोसनंतर त्यांची भूक गेली, लघवी कमी झाली. एप्रिल होता, आम्ही म्हटलं ऊन बाधलं. गावात कंबरदुखीवर डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन झालं. पॅन्टोप्राझोल ही गॅसची गोळी तर दादा वर्षभर रोज अनशापोटी घेत होते. पुढच्या डोसआधी क्रिएटिनिन (किडनी बिघडली की रक्तात वाढतं ते) तपासलं, तेव्हा ०.९ चं ३.६ झालेलं.

किडनीच्या डॉक्टरांनी समजावलं: हे औषध प्रतिकारशक्तीचा ब्रेक काढतं, मग त्याच पेशी कधी कधी किडनीवर उलटतात. सोबत गॅसची किंवा दुखण्याची गोळी असली की धोका वाढतो. बायोप्सीत इंटरस्टिशियल नेफ्रायटिस, म्हणजे किडनीला आतून आलेली सूज निघाली. सलाइन थांबवली, पॅन्टोप्राझोल बंद केलं, वजनाच्या हिशेबाने प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड चालू झालं. ते सहा आठवडे टप्प्याटप्प्याने कमी केलं. मधेच सोडायचं नाही, अशी सक्त ताकीद होती. आता क्रिएटिनिन १.३ आहे.

तीन ठिकाणी दाखवलं, 'घरी आणखी कोणत्या गोळ्या चालू आहेत' हे एकानेही विचारलं नाही. गॅसची गोळी हे औषध आहे असं आम्हालाही वाटलं नव्हतं. संमतीपत्र इंग्रजीत होतं. त्यावर सही माझी आहे, ती अजून मला टोचते. किडनी बिघडते तेव्हा बहुतेकदा काही दुखत नाही, रक्त तपासलं तरच कळतं. दर डोसआधी क्रिएटिनिन करून घ्या आणि घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ठेवा, एवढ्या दोन ओळी तुमच्या लेखात बसल्या असत्या.

आणि त्याच पानाच्या तळाला 'किडनी साफ करणारा' काढा पाव पानभर छापलात. तो वाचून शेजारची मंडळी काल संध्याकाळी दादांसाठी बाटली घेऊन आली. ती मला परत पाठवावी लागली, आता ते अबोल्यावर आहेत.

पुढच्या पुरवणीत त्या दोन ओळी चौकटीत छापा. जाहिरातीच्या जागी छापल्यात तरी चालेल.

आपला,
एक जुना वाचक, जिंतूर, जि. परभणी