कंबरदुखी: गोळी झाली, कारणाचं काय?

संपादक महोदय,

कंबर दुखली की मलम, गोळी, पट्टा आणि चार दिवस आडवं पडणं हे ठरलेलंच, पण दुखणं तीन महिन्यांच्या पुढे गेलं तरी ते का होतंय हे कोणी नीट विचारतच नाही. मग एमआरआय होतो, त्यात डिस्क बल्ज, म्हणजे मणक्यांमधली गादी थोडी बाहेर आलेली, दिसतो आणि माणूस घाबरून वाकायचंच सोडतो. अहो, असा बल्ज काहीच दुखत नसलेल्यांच्या स्कॅनमध्येही बऱ्याचदा सापडतो, वयानुसार केस पिकतात तसंच ते. बहुतेकांच्या बाबतीत एकच एक कारण नसतंच, तासन्‌तास बसणं, कमजोर झालेले स्नायू, अपुरी झोप, टेन्शन आणि दुखेल या भीतीनं हालचाल बंद, असं सगळं एकात एक गुंतलेलं असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या डिसेंबर २०२३ च्या गाइडलाइनमध्येही भर व्यायामावर आणि पेशंटला नीट समजावून सांगण्यावर आहे, पट्टे आणि ट्रॅक्शन (कंबर ओढून ताणणं) सरसकट नकोच म्हटलंय. तरी पट्टे खपतातच!

तरुणांचं अजून वेगळं. सकाळी उठल्यावर कंबर बराच वेळ आखडलेली, चालल्याफिरल्यावर मोकळी होते आणि आराम केला की उलट वाढते, असं महिनोन्‌महिने चालू असेल तर अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस, म्हणजे एक प्रकारचा संधिवात असू शकतो, तो संधिवाताच्या डॉक्टरांनाच दाखवायला हवा. आणि लघवीवरचा ताबा गेला किंवा मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं, थांबायचं नाही.

तुमच्या आरोग्य पुरवणीत पट्ट्यांच्या जाहिरातींशेजारी एवढं तरी छापा.

एक नियमित वाचक