माझ्या कागदावरचे दहा महिने

पुणे,
९ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप आई आणि बाबांस,
साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

गेल्या रविवारी फोनवर बाबांनी मला दोन प्रश्न विचारले होते. ब्रिटनमधल्या नर्सच्या नोकरीसाठी एजंटला द्यायचे तीन लाख रुपये कधीपर्यंत लागतील, हा पहिला. आणि बाबांच्या आजारपणात मी नोकरी सोडून उदगीरला घरी होते त्या दहा महिन्यांचे बायोडाटात काय लिहिणार, हा दुसरा. नाइटला जायची घाई असल्यामुळे दोन्ही प्रश्नांना मी ‘बघू’ म्हणून वेळ मारून नेली. मात्र ‘माझ्यामुळे तुझ्या कागदावर डाग पडला’ हे बाबांचे वाक्य तेव्हापासून मनातून जात नाही, म्हणून आज सुट्टीच्या दिवशी सविस्तर लिहीत आहे.

आमच्या आयसीयूच्या इन्चार्ज सिस्टर मूळच्या केरळातल्या कोट्टायमच्या. त्यांच्या हाताखालून ब्रिटनला गेलेल्या मुली बऱ्याच आहेत. तिकडची भरती आता दोन-तीन वर्षांपूर्वीसारखी राहिलेली नाही, त्यामुळे पूर्वी चालून गेलेला कागद आता चालणार नाही, असे सांगून त्यांनी नाइटनंतर मला कँटीनमध्ये बसवून घेतले. मी माझा जुना बायोडाटा पुढे ठेवला. उदगीरला बसस्टँडसमोरच्या सायबर कॅफेत २०१८ साली करून घेतलेला, गुलाबी किनारीचा आणि उजव्या कोपऱ्यात पांढऱ्या गणवेशातला स्टुडिओ-फोटो चिकटवलेला हा तोच कागद. तो हातात घेऊन सिस्टरांनी विचारले, “ही नोकरीची आहे की लग्नाची?”

त्यांचे बरोबरच होते. जन्मतारीख, धर्म, जात, वैवाहिक स्थिती, वडिलांचे नाव, उंची आणि छंद एवढ्यात अर्धे पान संपले होते, आणि तळाशी ‘वरील माहिती सत्य असल्याचे मी जाहीर करते’ असे लिहून सहीसुद्धा केलेली होती. ब्रिटनमध्ये यातले काहीही लिहीत नाहीत, फोटोही लावत नाहीत. अर्ज चाळणाऱ्याने वय, धर्म किंवा लग्न पाहून निवड करू नये, असा तिथला २०१० सालचा समानता कायदा आहे. आई, तू हौसेने काढवून घेतलेला फोटो त्यामुळे काढावा लागला. वडिलांच्या नावाचा रकानाही गेला. पण आपल्या पद्धतीप्रमाणे बाबांचे नाव माझ्या नावाच्या मधोमध असतेच, ते कुणाला काढता येणार नाही. या नावाने वेगळाच घोळ घातला आहे, त्याविषयी शेवटी लिहिते.

खरी झाडाझडती पुढच्या भागाची झाली. दोन रुग्णालयांतल्या कामाखाली मी ‘आयसीयूमध्ये ड्युटी केली, रुग्णांची काळजी घेतली, डॉक्टरांना मदत केली’ अशा तीन ओळी मागाहून लिहिल्या होत्या. सिस्टर म्हणाल्या की हे काल रुजू झालेली मुलगीसुद्धा लिहील. मग त्यांनी प्रश्न सुरू केले. युनिटमध्ये खाटा किती? व्हेंटिलेटर किती? एका शिफ्टला तुझ्याकडे रुग्ण किती असतात? धमनीतून एबीजीचा, म्हणजे रक्तातल्या वायूंच्या तपासणीचा, नमुना तू स्वतः घेतेस की ट्रे लावून देतेस? यातल्या निम्म्या प्रश्नांना मला अंदाजाने उत्तरे द्यावी लागली, याची लाज वाटली. दुसऱ्या दिवशी मी वॉर्डात शिरल्यावर आधी खाटा मोजल्या. आता त्या जागी असे लिहिले आहे: ‘अठरा खाटांचा मेडिकल आयसीयू, प्रत्येक शिफ्टला दोन रुग्णांची पूर्ण जबाबदारी, त्यांतील एक बहुधा व्हेंटिलेटरवर, ट्रॅकिऑस्टॉमीचे सक्शन, सेंट्रल लाइनची निगा, इनोट्रोप औषधांचे इन्फ्युजन पंपावर नियमन, शिफ्ट बदलताना ठरलेल्या क्रमाने हँडओव्हर.’ साध्या शब्दांत सांगायचे तर, श्वासासाठी गळ्यात बसवलेली नळी साफ करणे, मोठ्या शिरेतल्या नळीची काळजी घेणे, हृदयाला बळ देणारी औषधे पंपाने मोजून सोडणे आणि पुढच्या नर्सला रुग्णाची माहिती सोपवणे.

बाबा, तुम्ही बत्तीस वर्षे एसटीत कंडक्टर होता, त्यामुळे तुम्हाला हे लगेच पटेल. ‘गाडी भरून आणली’ असे सांगून डेपोत कुणी वेबिल जमा करून घेत नाही. कोणत्या नंबरपासून कोणत्या नंबरपर्यंत तिकिटे फाडली, हेच तिथे पाहतात. रेझ्युमेचेही तसेच आहे. फरक इतकाच की जो आकडा आपल्याजवळ नाही तो भरायचा नाही. आमच्याकडे बेडसोर, म्हणजे पडून राहून होणाऱ्या जखमा, टाळण्याचे काम दोन वर्षे माझ्याकडे होते. प्रत्येक रुग्णाचा ब्रेडन स्केल (या जखमांचा धोका किती याचे गुण) काढणे, दर दोन तासांनी कूस बदलल्याची नोंद तपासणे हे मी नेमाने केले. परंतु बेडसोर किती टक्क्यांनी घटले याचा हिशेब मी ठेवला नव्हता. एका मैत्रिणीने ‘चाळीस टक्के लिहून टाक, कोण बघतंय’ असे सुचवले. मी फक्त केलेले काम लिहिले आणि टक्केवारी सोडून दिली, कारण मुलाखतीत पहिला प्रश्न त्यावरच येणार.

काही शब्द मात्र सरळ फसवणारे निघाले. आपल्याकडे गणवेश घातला की पहिल्या दिवसापासून मुलगी ‘सिस्टर’ होते, म्हणून मी ‘आयसीयू सिस्टर’ असे ठोकून दिले होते. ब्रिटनमध्ये सिस्टर हे वॉर्ड चालवणाऱ्या वरिष्ठ नर्सचे पद आहे आणि माझा अर्ज आहे बँड पाचच्या, म्हणजे सुरुवातीच्या दर्जाच्या नर्सपदासाठी. नकळत मी स्वतःला दोन पायऱ्या वर चढवून घेतले होते. ‘ड्युटी’च्या जागी ‘शिफ्ट’, ‘कॅज्युअल्टी’च्या जागी ‘इमर्जन्सी’, असे बदल करत दोन पानांचा कागद तयार झाला. नावाच्या लगेच खाली महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचा नोंदणी क्रमांक आणि त्याची मुदत, मग ओईटी या इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल (वाचन, श्रवण आणि संभाषणात बी, लेखनात सी प्लस, तिकडच्या नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिलला एवढा पुरतो), आणि त्याखाली सीबीटी ही संगणकावरची परीक्षा उत्तीर्ण झाल्याची तारीख. ऑस्की ही प्रात्यक्षिक परीक्षा तिथे गेल्यावरच होते, म्हणून तिच्यापुढे ‘बाकी’ असे स्पष्ट लिहिले. नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाची पदवी, जिचा तुम्हा दोघांना सर्वाधिक अभिमान आहे, ती मात्र दुसऱ्या पानावर गेली. सात वर्षांपूर्वीच्या गुणांपेक्षा कालच्या शिफ्टला काय केले, हे त्यांना आधी वाचायचे असते.

याखेरीज प्रत्येक जाहिरातीसोबत त्या पदासाठी अत्यावश्यक काय आणि असल्यास उत्तम काय, याची एक यादी येते आणि अर्ज चाळणारे ती समोर ठेवूनच खुणा करत जातात. त्यामुळे एकच रेझ्युमे शंभर ठिकाणी धाडण्यात अर्थ नाही. यादीतल्या प्रत्येक अत्यावश्यक मुद्द्याला माझ्या कामातला एकेक प्रसंग जोडून निवेदन दर वेळी नव्याने लिहावे लागते. पहिल्याला मला चार रात्री लागल्या.

आता दहा महिन्यांविषयी. एनएचएसमध्ये, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत, नेमणुकीपूर्वी किमान मागील तीन वर्षांचा मागोवा घेतात आणि मधला खंड कशामुळे पडला ते विचारतात. जुलै २०२२ ते एप्रिल २०२३ या काळाचा उत्तरार्ध नेमका त्यात येतो. मला भेटलेल्या एजंटने यावर तोडगा सांगितला होता: एका लहान नर्सिंग होमचे अनुभवपत्र तो ‘मॅनेज’ करून देणार होता. तीन लाखांत तेही धरलेले होते. मी उठून आले. खोटे पत्र पडताळणीत सापडले तर नोकरी जाईलच, पण इथली नोंदणीही अडचणीत येईल. शिवाय ब्रिटनच्या भरतीची जी आचारसंहिता आहे, तिच्यानुसार नोकरी मिळवून देण्याबद्दल एजन्सीने नर्सकडून पैसे घ्यायचेच नसतात. परीक्षांची आणि नोंदणीची फी तेवढी मला भरावी लागेल, आणि तिची तजवीज मी केली आहे. तेव्हा बाबा, शेताचा सातबारा घेऊन बँकेत जाऊ नका.

सिस्टरांसमोर मी दुसऱ्या टोकाला गेले होते. बाबा, तुम्हाला नळीतून दूध भरवणे, दोन-दोन तासांनी कूस बदलणे, उजव्या हाताचा व्यायाम, पडवीच्या खांबाला धरून उभे करणे, हे सारे मी नर्स म्हणूनच केले, तेव्हा ते अनुभवात का धरू नये, असे मी त्यांना विचारले. थोडा वेळ गप्प राहून त्या म्हणाल्या, “ते काम तू मुलगी म्हणून केलंस. त्याला पगार नव्हता, चार्ट नव्हता, वर इन्चार्ज नव्हती. अनुभव म्हणून लिहू नकोस, कारण म्हणून लिही.” मला वाईट वाटले, पण दोन दिवसांनी पटले. आता तिथे एवढीच ओळ आहे: ‘जुलै २०२२ ते एप्रिल २०२३: वडिलांच्या आजारपणामुळे सेवेत खंड, या काळात नोंदणी चालू.’ आजाराचे नाव मी लिहिलेले नाही, कारण ती तुमची खाजगी बाब आहे. मुलाखतीत विचारले तर सांगू का, हे मात्र मला तुमच्याकडूनच हवे आहे. आणि बाबा, त्या ओळीला कुणीही डाग म्हटलेले नाही. सिस्टरांनी पूर्ण कागदावर लाल पेन चालवले, तिथे एक अक्षरही बदलले नाही.

राहिला नावाचा घोळ. ‘ज्ञानोबा’मधला ‘ज्ञ’ माझ्या दहावीच्या प्रमाणपत्रावर आणि पदवीवर आपल्या मराठी रीतीने ‘डीएनवाय’ असा आहे, तर पासपोर्टवर तो हिंदी वळणाने ‘जीवाय’ झाला आहे. पडताळणी करणाऱ्याला या दोन वेगळ्या मुली वाटू शकतात. रेझ्युमेवर मी पासपोर्टप्रमाणे नाव लिहिले आहे, आणि दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र सोबत जोडायचे आहे. आई, लोखंडी ट्रंकेत निळ्या फाइलमध्ये दहावीचे मूळ प्रमाणपत्र आणि शाळा सोडल्याचा दाखला आहे. ते दोन्ही, आणि बाबांच्या आधारची झेरॉक्स, साध्या टपालाने न पाठवता स्पीड पोस्टाने पाठव. माझे प्रतिज्ञापत्र मी इथे करते; तुमचे, बाबा, तिथल्या नोटरीकडे करावे लागेल. त्यांचे ऑफिस वरच्या मजल्यावर आहे आणि जिन्याला कठडा फक्त डाव्या बाजूला आहे, म्हणून चढताना काही अडचण नाही, पण उतरताना आईने तुमच्या उजव्या बाजूला राहावे.

तुमची,
वैशाली