पायात ताकद ०/५, मग बाकीचं कोण मोजणार?

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात मणक्याच्या ऑपरेशनची बातमी होती, झाडावरून पडलेल्या पोराचं ऑपरेशन यशस्वी, फोटोत डॉक्टरांची सगळी टीम आणि मधे तो पोरगा. वाचून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण ज्यांच्या घरात मज्जारज्जूला मार लागलेला माणूस आहे त्यांच्या डोक्यात अशी बातमी वाचली की पहिले हेच येतं, की घरी गेल्यावर त्या पोराची लघवी नळीने कोण काढतंय आणि पडून पडून पाठीला जखम झालीय का. हे कुणीच विचारत नाही, ना पेपरवाले ना हॉस्पिटलवाले.

माझा धाकटा भाऊ स्लॅबच्या कामावर पडला, मार डी-१२ ला, म्हणजे पाठीच्या बाराव्या मणक्याला, दोन्ही पाय गेले. डिस्चार्ज कार्डावर लिहिलेलं, पायात पॉवर ०/५, म्हणजे पाय जराही हलत नाहीत, आणि इजा मोजायच्या एशिया स्केलवर ग्रेड ए. आजही दाखवायला नेलं की टाचणी टोचून बघतात, पाय उचल म्हणतात आणि तेच लिहितात, वर 'नो चेंज'. काय नो चेंज? पहिल्या वर्षी माकडहाडाच्या वर एवढी जखम होती की ड्रेसिंगचा गॉजचा बोळा अख्खा आत जायचा. आई रात्रभर दर दोन तासाला मोबाईलचा अलार्म लावून त्याची कूस बदलायची, त्यात हुडहुडी भरून ताप, लघवीचं इन्फेक्शन, परत अॅडमिट, परत उसनवारी. आणि आज तोच माणूस कॉटवरून खुर्चीत आपला आपण सरकतो, आरसा धरून पाठ आणि टाचा बघतो कुठे लाल झालंय का, वेळ झाली की नळी घालून लघवी काढतो, आणि गल्लीच्या तोंडाला मोबाईल रिपेअरिंगचं दुकान चालवतो, गिऱ्हाइकांवर ओरडतो सुद्धा. कागदावर मात्र तेव्हाचा आणि आत्ताचा माणूस सेम टू सेम.

एशिया स्केल चुकीचं आहे असं मी म्हणत नाही. हाताचे नि पायाचे ठराविक स्नायू बघून प्रत्येकाला ० ते ५ मार्क, दोन्ही बाजू मिळून १००, आणि ए पासून ई पर्यंत ग्रेड, ए म्हणजे पूर्ण इजा आणि ई म्हणजे नॉर्मल. मज्जारज्जूला मार कुठे आणि किती हे त्यातूनच कळतं, ते पाहिजेच. पण भावाचे हातांचे ५० पूर्ण आणि पायांचे शून्य, म्हणजे तेव्हाही ५० आणि मरेपर्यंत ५०. नसा मोजल्या, माणूस मोजायचा राहिला.

त्यासाठी वेगळं माप आहे, नवीन पण नाहीये. इस्रायलच्या डॉक्टरांनी १९९७ साली स्किम (SCIM) नावाचं स्केल काढलं, खास मज्जारज्जूच्या पेशंटसाठी. एकूण १०० मार्क, जेवण-अंघोळ-कपडे याला २०, हालचालीला ४०, आणि श्वास, लघवी, संडास याला मिळून ४०. म्हणजे चालणं-फिरणं जेवढं महत्त्वाचं तेवढंच हे. ज्याने हे मार्क ठरवले त्याने पेशंटच्या घरात दिवस काढले असणार असं मला उगाच वाटतं. आमच्या भावाचा स्किम कधी कुणी काढला नाही, काढला असता तर पहिल्या वर्षातला आकडा आणि आजचा यात केवढा फरक दिसला असता.

आणि पेशंटला काय हवंय ते पण लोकांनी विचारून झालंय. २००४ साली अमेरिकेत ६८१ जणांचा सर्व्हे छापून आला, काय परत मिळालं तर आयुष्य सुधारेल म्हणून. ज्यांचे हातही गेलेत त्यांनी सगळ्यात वर हात लिहिले, चालणं नाही. ज्यांचे फक्त पाय गेलेत त्यांनी लैंगिक सुख वर ठेवलं, आणि लघवी-संडासचा कंट्रोल दोघांच्याही यादीत वरच. आपल्याकडे कुठल्या ओपीडीत लग्न झालेल्या माणसाला हे विचारतात सांगा. विचारलं तर बायको पदर तोंडाला लावून बाहेर जाईल हे कबूल, पण म्हणून विचारायचंच नाही का?

मग येतं अपंगत्वाचं सर्टिफिकेट. २०१६ च्या कायद्याने अपंगत्व ४० टक्के आणि वर असेल तर सवलती, यूडीआयडी म्हणजे अपंगत्वाचं ओळखपत्र, त्यावर पगार योजना, सगळं ठीक, ते कार्ड नसतं तर आमचे हाल झाले असते. पण लोक त्या टक्क्यालाच तब्येत समजायला लागलेत. बेडसोअर, म्हणजे पडून पडून होणारी जखम, भरला म्हणून टक्का हलत नाही आणि चिघळला तरी हलत नाही. माणूस मात्र कित्येकदा त्या जखमेनेच जातो. २०१३ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या रिपोर्टमध्ये आहे की अशा लोकांना अकाली मरणाचा धोका इतरांपेक्षा २ ते ५ पट, आणि गरीब देशात त्याहून वाईट. हे मरण टाळता येण्यासारखं असतं हो, गादी, नळी, स्वच्छ हात आणि वेळेत सांगणारं कुणीतरी, एवढ्यावर.

लगेच कुणीतरी मुरलीकांत पेटकरांचं उदाहरण देईल, युद्धात जखमी झालेला जवान, १९७२ ला हायडेलबर्गला अपंगांच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात गोल्ड. मोठा माणूस, शंकाच नाही, आपल्या सांगलीकडचा. पण प्रत्येकाने मेडल आणलं तरच तो बरा झाला असं धरायचं का? सैन्यातल्या मणक्याला मार लागलेल्या जवानांसाठी खडकीला पॅराप्लेजिक सेंटर आहे, गवंड्याच्या हाताखालच्या बिगाऱ्याला तसं कोण आहे?

माझं म्हणणं एवढंच आहे की डिस्चार्जच्या दिवशी हिशोब बंद करू नका. सरकारी हॉस्पिटलने तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी, वर्षाने फोन करावा नाहीतर आशाताईंना घरी पाठवावं, आणि विचारावं, जखम आहे का, ताप येतो का, परत अॅडमिट झाला का, लघवी कशी काढता, घराबाहेर शेवटचं कधी गेला, काम करतो का. बाहेर जात नसेल तर का ते पण लिहा, कारण माणूस तोच असला तरी दाराला दोन पायऱ्या असल्या आणि एसटीत खुर्ची चढत नसली तर तो घरातच बसणार, त्यात त्याच्या पाठीच्या कण्याचा काय दोष. हे जिल्ह्याप्रमाणे लिहून ठेवलं तर निदान कुठे ऑपरेशन झाल्यावर वर्षात किती जण जगले एवढं तरी कळेल.

आणि तुम्हाला विनंती, त्या पोराच्या घरचा नंबर तुमच्या रिपोर्टरकडे असेलच. पुढच्या वर्षी याच महिन्यात त्याला एक फोन करा आणि काय सांगतो ते छापा, पहिल्या पानावर नाही छापलं तरी चालेल.

आपला,
एक वाचक, कराड